मेण कोणी काढलं

माझ्या हाताने भरलेल्या बंदुकीने आजवर एकाही माणसाला इजा केलेली नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात बोललो आहे की मी सुरुवात केली की माझ्या घरचे उठून आत जातात. जावोत. मला ते एकदा पूर्ण सांगायचं आहे, आणि मध्ये कोणी बोलू नये म्हणून लिहून सांगतो.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शेगावला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. कंदील, गॅसबत्त्या, कुलपं दुरुस्त करायचो आणि परवान्यावर बंदुकीची दारू, शिसं आणि टोप्या विकायचो. ते दुकान मला बापाकडून आलेलं नव्हतं. खामगावात एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली नऊ वर्षं कानस घासून मी ते कमावलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याचे शेतकरी रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुका बाळगत. बाजाराच्या दिवशी ते माझ्याकडे येत, बंदूक दाखवत, घासाघीस करत, मी त्यांच्या वरताण घासाघीस करी, आणि शेवटी दोघंही आपणच जिंकलो असं समजून चहा पीत. ही माझी दुनिया होती. तिचा सगळा भार एका गोष्टीवर होता, की या मिस्त्रीचं काम चोख असतं. परवाना दरसाल नवा करून घ्यावा लागे, आणि त्यावर साहेबाने लाल शाईने काही लिहिलं की समजायचं, आपले दिवस भरले.

वरवट बकालच्या पुढे एका गावात एक पाटील होते. साठीचे, धिप्पाड, आणि आपल्या गावात आपल्याला कोणी उलट बोलत नाही याची पुरती सवय झालेले. त्यांच्या घरात शंभर वर्षांपूर्वीचं सहा घरांचं रिव्हॉल्वर होतं. ते पणजोबांना एका गोऱ्याने बक्षीस दिलं असं ते एका वर्षी सांगत, आणि पणजोबांनी ते गोऱ्याकडून हिसकावलं असं दुसऱ्या वर्षी. आजच्यासारखी तयार काडतुसं त्यात चालत नाहीत. फिरत्या चाकात सहा घरं असतात. प्रत्येक घरात पुढून मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालचा दांडा ओढून ती घट्ट ठासायची. गोळीवर वंगण लिंपून घराचं तोंड बंद करायचं. मग चाकाच्या मागच्या बाजूला प्रत्येक घराला जे बारीक टोक असतं, त्यावर तांब्याची टोपी बसवायची. टोपी म्हणजे हरभऱ्याच्या टरफलाएवढी वाटी, आत भडकणारा मसाला. घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, तिच्यावर पडला की ठिणगी आत जाते आणि बार होतो.

वंगण कशासाठी, तर पहिल्या बाराचा जाळ शेजारच्या घरांत शिरू नये म्हणून. नवीन हत्यारात गोळी इतकी घट्ट बसते की एकवेळ चालून जातं. पाटलांच्या हत्याराची घरं गंजाने खाल्लेली होती. गोळीच्या कडेने सुई जाईल एवढी फट राही. तिथे वंगण नसलं तर एका बाराबरोबर शेजारचे दोन बार उडणार, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या घराची रीत अशी की दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी गावच्या शिवेवर खांबाला कोहळा बांधायचा आणि पाटलाने तो या रिव्हॉल्वरने फोडायचा. कितीतरी वर्षं ते बंदच पडलं होतं. पाटलांनी ते माझ्याकडून चालू करून घेतलं आणि म्हणाले, "मिस्त्री, भरून द्यायलेही तूच येजो. नवमीले."

"दसऱ्याला उडवायचं तर दसऱ्यालाच भरू ना, पाटील."

"तुले समजत नाही. नवमीले शस्त्रपूजा राह्यते. रिकाम्या शस्त्राची पूजा आमच्या घरी होत नाही."

"भरलेलं हत्यार रात्रभर देवघरात ठेवणार?"

"देव पाह्यते त्याच्याकडं."

मी म्हटलं, देव पाहील, पण टोप्या माझ्या खिशात राहतील. शिवेवर, तुमच्या हातात हत्यार द्यायच्या आधी मी त्या बसवीन. यावर अर्धा तास वाद झाला आणि तो मी जिंकलो. दुसरा वाद वंगणाचा. जुने मिस्त्री मेणात चरबी घालत. पाटील म्हणाले, चरबी लागलेली वस्तू देवापुढे ठेवायची नाही. ते मला पटलं. मी मेणात थोडं तिळाचं तेल घालून, कढवून, चरबीशिवाय वंगण केलं. म्हणजे त्यांच्या देवघराचा मान मी राखला होता, हे नोंदवून ठेवतो.

नवमीला सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसून पाच घरं भरली. सहावं रिकामं ठेवलं, घोडा त्यावर टेकवायला. पाटलांची सून पूजेचं ताट घेऊन शेजारी उभी होती. कमी बोलणारी बाई, पण नजर सगळीकडे. गोळ्यांवर मी तपकिरी मेण लिंपताना तिने विचारलं, "हे कायले लावता, भाऊ?"

मी तिला सांगितलं कायले लावतो. पेटलेल्या चुलीतली ठिणगी शेजारच्या कडब्यावर जाऊ नये म्हणून जशी मध्ये भिंत घालतात, तसं. तिने मान हलवली. तिला समजलं होतं. त्या घरात समजलं ते तिला एकटीलाच.

दसऱ्याला ऊन उतरल्यावर अख्खं गाव शिवेवर जमलं. हत्यार ताटातून आलं, हळदीकुंकवाने माखलेलं, वर झेंडूच्या पाकळ्या. मी ते उचललं, मागून पाच टोप्या बोटाने दाबून बसवल्या आणि पाटलांच्या हातात दिलं. पुढून पाहिलं नाही. पुढून पाहायला पाहिजे होतं, हे मला नंतर पुष्कळ शहाण्यांनी ऐकवलं. चाकाचं तोंड कुंकवाने लालभडक झालं होतं, आणि काल मी स्वतः लिंपलेलं मेण कोणी खरवडून काढेल अशी शंका मला आली नाही. ज्या घरात पाणीसुद्धा विचारून पितात त्या घरात मिस्त्रीच्या कामात कोणी हात घालेल असं मला वाटलं नाही, हा माझा गुन्हा असेल तर असो.

पाटलांनी नेम धरला. हात थरथरू नये म्हणून डावा हात नळीखाली घेतला. चाप ओढला. टोपी फुटली, पण बार झाला नाही. लोक हसले. पाटलांचा चेहरा उतरला, त्यांनी घाईने घोडा पुन्हा चढवला आणि दुसऱ्यांदा चाप ओढला. या वेळी तीन बार एकदम झाले. एक गोळी कुठेतरी कोहळ्याच्या वरून गेली, एक वाजंत्र्याच्या ढोलाच्या कातड्यातून आरपार, आणि एक पाटलांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून घेऊन गेली.

त्या गोंधळात हत्यार मातीत पडलं होतं. मी आधी ते उचललं. दोन घरं अजून भरलेलीच होती. त्यांच्या तोंडाशी मी बोट फिरवलं. मेणाचा कणही नव्हता. बोटाला लागलं ते पातळ, पिवळं, ओळखीच्या वासाचं. तूप. हत्यार रात्रभर समईशेजारी होतं, त्या उबेने तूप वितळून फटीतून आत उतरलं होतं. पहिल्या घरातली दारू त्याने भिजवली म्हणून बार झाला नाही, आणि बाकीच्या घरांची तोंडं उघडी पडली म्हणून तीन एकदम झाले. सगळं एका क्षणात समजलं. मी ओरडलो, "मेण कोणी काढलं?" पण तेव्हा पाटलांना बैलगाडीत घालत होते आणि माझं ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

आठ दिवसांत तालुक्याहून बोलावणं आलं. मी जादा दारू भरली, अशी पाटलांची तक्रार होती. साहेब तरुण होते, कोकणाकडचे असावेत, आमची बोली ऐकताना कपाळाला आठ्या घालायचे. मी म्हटलं, साहेब, बोलण्यात वेळ घालवू नका. तेच हत्यार द्या, मी तुम्हाला दाखवतो.

कचेरीमागच्या कोरड्या नाल्यात मी ते रिव्हॉल्वर बाभळीच्या खोडाला बांधलं आणि चापाला दोरी लावली. साहेब, एक शिपाई आणि हाताला पट्टी बांधलेले पाटील लांब उभे राहिले. पहिल्यांदा पाच घरं नेहमीच्या मापाने भरली, मेण लिंपलं, टोप्या बसवल्या. पाच वेळा दोरी ओढली, पाच वेगळे बार. मग तीच दारू, तेवढंच माप, पण मेणाऐवजी तूप. अर्धा तास उन्हात ठेवलं. दोरी ओढली आणि धडाड करून दोन बार एकत्र. बाभळीची साल उडाली. शिपाई खाली बसला.

मी साहेबांकडे वळलो. इतका आनंद मला दुकान उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता. म्हटलं, "पाहिलंत? दारू तेवढीच. फरक फक्त मेणाचा."

पाटील शांतपणे पुढे आले. "बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले. "मेण पाह्यजेच होतं. यानं लावलंच नाही."

त्यावर मी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत. साहेबांनी मला गप्प केलं. मी विचारलं, मग तूप कुठून आलं? पाटील म्हणाले, "पूजेचं तूप. वरून लागलं असंल. देवाले लावलेल्या तुपानं काय होते?" मी सिद्ध करायला निघालो होतो माझा निर्दोषपणा, आणि सिद्ध करून दिला तो माझाच निष्काळजीपणा, स्वतःच्या हाताने, स्वतःची दारू खर्च करून. मेण लागतं हे आता सरकारला माहीत झालं होतं. ते मी लावलं होतं हे फक्त मला माहीत होतं.

परवान्यावर लाल शाई आली. निष्काळजीपणाबद्दल ताकीद, पुन्हा घडल्यास परवाना रद्द.

पुढच्या बाजाराला एक गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून दुसऱ्याला म्हणालं, "चाल बे, खामगावले जाऊ. याच्यापाशी मेण नसते." दोघं हसत गेले. मग ते बोलणं पसरलं. "मिस्त्री, मेण संपलं का?" "मिस्त्री, लोणी चालंल का?" रोज कोणीतरी. एकाला मी अडकित्ता फेकून मारला. लागला नाही, पण तेवढ्याने माझी आणखी बदनामी झाली. टोप्यांच्या डब्यांवर धूळ बसली. मी कंदिलांवर दिवस काढले.

पौषात पाटलांची सून महाराजांच्या दर्शनाला शेगावला आली. बरोबरच्या बायका बांगड्यांच्या दुकानात शिरल्या आणि ती सरळ माझ्याकडे आली. पदर कपाळापर्यंत, आवाज अगदी हळू.

"भाऊ, मेण म्या काढलं."

मी हातातला कंदील खाली ठेवला.

"मामाजी म्हणाले, हा मळ कायचा लागला हाय शस्त्राले, केसातल्या आकड्यानं काढ आन् गाईचं तूप लाव. म्या सांगतलं, मामाजी, ते ठिणगीसाठी हाय, मिस्त्रीभाऊ सांगत होते. त म्हणाले, तू मिस्त्रीची सून का माही?" तिने बांगड्यांच्या दुकानाकडे एक नजर टाकली. "तुमी म्हणसान त साहेबापुढं येतो मी. सांगतो."

खरं सांगतो, मला मोह झाला. माझा परवाना साफ होत होता. पण मी धंदेवाला माणूस. माल कोणाचा आणि भरपाई कोणी करायची हे मला कळतं. खोटं पाटील बोलले होते. त्या बाईने बोलून स्वतःच्याच घरात जगणं कठीण करून घ्यायचं, आणि पाटलांनी मात्र मान ताठ ठेवून चालायचं, हा सौदा मला मान्य नव्हता. मी म्हटलं, "नाही, बाई. तुम्ही नाही यायचं. ज्याने बोलायचं त्याच्याकडून मी बोलून घेईन."

"ते नाही बोलत, भाऊ."

"पाहू."

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा पाटलांकडून गावचा कोतवाल आला. गरीब, मधल्यामध्ये सापडलेला माणूस. पाटलांनी निरोप दिला होता की यंदाही हत्यार भरायला ये. खामगावच्या एका मिस्त्रीने त्या जुन्या लोखंडाला हात लावायला नकार दिला होता, म्हणून माझी आठवण झाली होती. फेटा बांधू, मानाचा नारळ देऊ.

मी म्हटलं, फेटा नको. शिवेवर, लोकांसमोर, पाटलांनी एवढंच म्हणायचं की मेण मी काढायला लावलं. बस.

कोतवाल तीन वेळा आला-गेला. पहिल्यांदा पाटलांचं उत्तर, घरात म्हणतो. मी म्हटलं, बदनामी घरात केली होती का? दुसऱ्यांदा, "चूक झाली" म्हणतो. मी विचारलं, कोणाची? कोतवाल म्हणाला, "ते नाही सांगतलं." तिसऱ्यांदा, "मेणाची गोठ काढतो, पण तू तोंड बंद ठेवजो." कोतवाल घाम पुसत म्हणाला, "मिस्त्री, घेऊन टाका ना आता. याच्या पलीकडं बुढा सरकत नाही." मी येतो म्हटलं. मला वाटलं, पाटील थोडे का होईना सरकले आहेत, उरलेलं शिवेवर सरकवून घेऊ. तिथेच माझा अंदाज चुकला.

नवमीला मी गेलो, पाच घरं भरली, मेण लिंपलं. पाटलांसमोर बसून लिंपलं. दसऱ्याला शिवेवर ताट आलं तेव्हा आधी पुढून पाहिलं. मेण जागच्या जागी होतं. मी हत्यार हातात धरून उभा राहिलो आणि टोप्या खिशातून काढल्याच नाहीत. ढोल थांबला. खांबावर कोहळा, सगळं गाव गोल उभं, एका बाजूला बायका.

पाटील दबक्या आवाजात म्हणाले, "बसव ना बे टोप्या."

"आधी ठरलेलं बोला, पाटील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वर्षभरापूर्वी मी घाबरलो असतो. मग लोकांकडे तोंड करून म्हणाले, "मंग, मागच्या साली त्या मेणाचं काहीतरी झालं होतं. मिस्त्रीनं लावलं होतं म्हणते. पूजेत निघालं असंल."

"निघालं नाही. काढलं," मी मोठ्याने म्हटलं. "कोणी काढलं?"

पाटलांच्या डाव्या हाताची उरलेली बोटं धोतराच्या काठाशी चाळा करत होती. मला दिसत होतं की अजून एक घटका मी उभा राहिलो तर ते बोलतील. दुसरं काही त्यांच्या हाती राहिलंच नव्हतं.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला. "म्या काढलं."

सून पुढे आली होती. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर, आवाज मात्र त्या दिवशी हळू नव्हता. "मिस्त्रीभाऊंनी मेण लावलं होतं. म्या मळ समजून काढलं आन् तूप लावलं. चूक माही हाय."

गर्दीत कुजबुज उठली. कोणी म्हातारी म्हणाली, "बाप्पा, सासऱ्याची बोटं खाल्ली हिनं." मी पाटलांकडे पाहिलं. आता तरी, एवढं झाल्यावर तरी, हा माणूस म्हणेल की नाही, मीच तिला सांगितलं होतं. पाटलांनी एक लांब श्वास सोडला, पाठ सरळ केली आणि मला म्हणाले, "झालं ना तुहं समाधान? भेटलं ना पाह्यजे होतं ते? बसव टोप्या."

मी म्हटलं, "पाटील, हिला कोणी सांगितलं होतं ते बोला."

"घरच्या बायकायच्या गोठी मी चारचौघात करत नाही."

मी सुनेकडे वळलो. तिने किंचित मान हलवली, नको म्हणून. मी तरीही ओरडून सांगितलं, सगळं, आकडा, तूप, तिने केलेला विरोध. लोक माझ्याकडे पाहत होते, जसं भांडण संपल्यावरही भांडणाऱ्या माणसाकडे पाहतात. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. बाई स्वतः कबूल झाली, आता हा कशाला ओरडतो? मी हत्यार ताटात ठेवलं, टोप्या खिशातच ठेवल्या आणि वरवटच्या रस्त्याला लागलो. मागे कोणीतरी कोहळा विळ्याने फोडल्याचं नंतर ऐकलं.

पुढच्याच बाजाराला गिऱ्हाईक परत आलं. हीच गोष्ट माझ्या जास्त जिव्हारी लागली. वर्षभर थट्टा करणारे लोक हसतमुखाने दुकानात शिरले. "मिस्त्री, तुमचं काहीच चुकलं नव्हतं म्हणे." मी विचारायचो, मग कोणाचं चुकलं होतं? "त्या सुनेचं ना." मी त्यांना बसवून सगळं सांगायचो. ते ऐकायचे, हाव हाव म्हणायचे, टोप्यांची डबी घेऊन जायचे. आणि लग्नाकार्यात त्या गावच्या बायका तिच्याकडे बोट दाखवत राहिल्या ते राहिल्याच. पाटील म्हातारपणाने गेले. त्यांच्या सुनेने त्यांचं सगळं केलं. मरेपर्यंत त्यांनी ते एक वाक्य उच्चारलं नाही.

मला लोक म्हणतात, तुमचं नाव तर साफ झालं, आता कशाला उगाळता? माझं नाव साफ करायला मी त्यांच्याकडे गेलो होतो हे खरं आहे. पण ते त्या बाईच्या पदराने पुसून मिळावं असं मी मागितलं नव्हतं. शिवेवर सगळ्यांना अडवून धरायची अक्कल माझी होती, म्हणून या बाबतीत पाटलांवर जेवढा चिडतो तेवढाच स्वतःवर चिडतो, आणि हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

तर पाटलांनी जे म्हणायचं होतं ते मी इथे लिहितो. मेण सुनेने काढलं नाही. ते पाटलांनी काढायला लावलं. तिने आधी नाही म्हटलं होतं.